बर्फाची वही

मी बर्फ मोजतो.
एक लादी पंचवीस किलो, हुकाने ओढायची,
खाली पोतं, वर भुसा,
आणि वहीत होडीचं नाव.
मोख्याच्या उत्तरेला, डांबर संपून वाळू सुरू होते
तिथे आमचा कारखाना:
एक जनरेटर, दोन टाक्या,
आणि शुऐ मेकॅनिक,
जो बायकोपेक्षा मशीनशी जास्त बोलतो.

होडी किती दिवस जाणार ते बर्फ सांगतो.
तीन दिवसांना आठ लाद्या. सुरमईला जास्त,
शार्कला कमी, शार्क वाळवतात.
नाखवा खोटं बोलेल, लादी नाही.

दर्विश बखित आला तेव्हा शाबानचा महिना होता.
चाळीस लाद्या मागितल्या.
म्हटलं, थेट भारतात जातोस की काय?
तो हसला नाही. नोटा मांडल्या, परक्या देशाच्या,
कोऱ्या करकरीत.
एकाही नोटेला मासळीचा वास नव्हता.

परतला तो बाराव्या रात्री, दिवा न लावता.
होडी काठापर्यंत पाण्यात बसलेली.
मासा असा बसवत नाही होडीला;
मासा घसरतो, कलंडतो, लाटेचं ऐकतो.
हे ओझं कुणाचंच ऐकत नव्हतं.
एकेका पेटीला चार माणसं,
आणि बर्फ फक्त वर, वीतभर,
लग्नाच्या भातावर केशर असतं तसा.

वहीत मी लिहिलं: दर्विश, चाळीस, रोख.
पुढचा रकाना माशाचा.
पेन बराच वेळ हवेत होतं.
मग लिहिलं, सुरमई.
अक्षर माझं चांगलं आहे.

*

सुंदुस, माझी धाकटी, गच्चीवरून जहाजं मोजायची.
झोप येईपर्यंत तीस, पस्तीस,
गावाएवढी, दिव्यांचे मजलेच्या मजले.
आम्हाला त्यांच्याकडून काही मिळालं नाही कधी,
फाटलेली जाळी सोडून.
आता ती चार मोजते. परवा एक.
बाकीची कुठे गेली?
आफ्रिकेला वळसा घालून.
मग आपण का नाही जात?

एका पहाटे क्षितिजावर धूर उभा राहिला
आणि तीन दिवस बसलाच नाही.
चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागले बिस्किटांचे पुडे,
शेकडो, फुगलेले, खारट,
आणि एक पिवळं हेल्मेट.
आत मार्करने कुणाचं तरी नाव,
लिपी आमच्यात कुणालाच वाचता येईना.
बायकांनी बिस्किटं पत्र्यावर वाळत घातली.
हेल्मेट शुऐने खुंटीला टांगलं;
मशीन ठोकताना हल्ली तो तेच घालतो.

पिठाचं पोतं दुप्पट झालं. डिझेल तिप्पट.
बर्फ परवडेना, म्हणून होड्या वाळूत पालथ्या.
खाली कोंबड्या अंडी घालतात.
गिऱ्हाईक एकच उरलं.
त्याच्या नोटांवर टाकी भरते,
त्याच्या नोटांवर सुंदुसची रोटी.

*

शेवटच्या खेपेला त्याने साठ मागितल्या.
शुऐ म्हणाला, मशीन मरेल.
मेली नाही.

काल दुपारी त्याची आई आली, चटके देत्या वाळूतून, अनवाणी.
रेडिओवर एका होडीचं सांगितलं होतं म्हणे,
करड्या जहाजाने अडवलेली. नाव नाही सांगितलं.
मला विचारलं, बर्फ किती दिवसांचा नेला होता?
तिला लिहिता येत नाही, पण ती कोळ्याची मुलगी.
बावीस, मी म्हणालो. ताणला तर तेवीस.
तिने बोटांची पेरं मोजली.
एकोणतिसाव्या पेरावर अंगठा थांबला, तिथेच राहिला.
'काटकसरी आहे तो,' म्हणाली,
'पुरवून वापरत असेल.'

टाकीत पाणी गोठताना बारीक तडकत होतं.

'आणि गेलाय कशाला? कुठल्या माशाला?'

मी वही उघडली, जणू मला पाठ नव्हतं.
बोट ओळीवर ठेवून वाचलं, सुरमई.

तिचा चेहरा सैल झाला.
'सुरमई त्याला लहानपणापासून येते,' ती म्हणाली,
आणि पदर सावरून
आली त्याच वाटेने गेली.